वॉर्डातून वेदीपर्यंत: इंग्लंडच्या चर्चमध्ये पाळक ते आर्चडीकन

मी डीकन, म्हणजे पाळकपणाच्या पहिल्या पायरीवरची सेवक, होऊन चारच महिने झाले होते. एका म्हाताऱ्या बाईंचा अंत्यविधी माझ्याकडे आला. कागदावर नाव होतं मार्गारेट. तेच नाव घेत मी प्रार्थना केल्या, तेच नाव घेऊन संदेश दिला. बाहेर पडताना त्यांची मुलगी म्हणाली, "आईला मार्गारेट कुणीच म्हणत नव्हतं. ती पेगी होती." ती रागावली नव्हती, आणि त्याचंच मला जास्त लागलं. मी त्यांच्या घरी जाऊन आले होते, चहा घेतला होता, जन्म, शाळा, नोकरी सगळं लिहून घेतलं होतं. हाक काय मारायचे, एवढंच विचारायचं राहिलं. माझ्या स्वतःच्या आजीचं नोंदवहीतलं नाव मला ती गेल्यावर कळलं. सगळी गल्ली तिला जिजी म्हणायची. तरी मला सुचलं नाही.

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पाळकपणाची दीक्षा घ्यावी का, हे विचारायला आपल्याकडची मुलंमुली मला फोन करतात. पहिला प्रश्न अर्जाचा असतो आणि दुसरा बहुधा वरच्या पदांचा. मी आधी पेगीबाईंबद्दल सांगते, कारण हे काम मी कॉलेजात कमी आणि अशा घरांमधून जास्त शिकले.

मी मूळची नगरची, पेशाने नर्स. १९९१ मध्ये इंग्लंडला आले. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये या चर्चच्या पहिल्या स्त्रियांना प्रीस्ट, म्हणजे प्रभुभोजनाचा विधी चालवू शकणारे पूर्ण पाळक, म्हणून दीक्षा मिळाली, ती बातमी मी रात्रपाळीला जाण्याआधी टीव्हीवर पाहिली. मी काय पाहिलं हे मलाच समजायला पुढे चार वर्षं लागली. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे तू पाळकीणबाई होणार?" आमच्या मंडळीत पाळकीणबाई म्हणजे पाळकसाहेबांची पत्नी. म्हटलं, "नाही आई, पाळक." ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "बरं. प्रार्थना करते."

सुरुवात अर्जाने होत नाही. तुम्ही ज्या चर्चला जाता तिथल्या व्हिकरशी, म्हणजे तिथल्या मुख्य पाळकाशी, बोलायचं. त्यांनी पुढे पाठवलं की डायोसिसचे, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालच्या विभागाचे, लोक भेटतात. चर्च ऑफ इंग्लंडचे ४२ डायोसिस आहेत, आणि प्रत्येकात दीक्षेच्या उमेदवारांची जबाबदारी असलेली एक व्यक्ती असते. तिच्यासोबत वर्षभर, कधी त्याहून जास्त, बैठका होतात. तुमचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरं आहे का, हे एकट्या तुम्हाला वाटून चालत नाही. मंडळीलाही ते तुमच्यात दिसावं लागतं. मला विचारलेला एक प्रश्न अजून आठवतो: "ज्यांच्याशी तुमचं पटत नाही, त्यांच्यासाठी तुम्ही प्रार्थना कशी करता?" मी वॉर्डातल्या एका सिस्टरबद्दल खरं ते सांगितलं. पाठ करून नेलेलं उत्तर तिथे टिकलं नसतं. त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरची निवड. आता ती दोन टप्प्यांत होते: आधी छोट्या मुलाखती, मग निवासी. नकार आला तर तो ऐकून घ्या, पण तुमची किंमत त्यावरून ठरवू नका. दुसऱ्या खेपेला निवड झालेले उत्तम पाळक मी पाहिले आहेत.

शिक्षणासाठी केंब्रिजचं वेस्टकॉट हाउस किंवा ऑक्सफर्डजवळचं कडझ्डन अशी निवासी कॉलेजं आहेत. मला नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून मी संध्याकाळचे वर्ग आणि शनिवार-रविवारची शिबिरं असलेला तीन वर्षांचा कोर्स केला. थकवा भयंकर होता. पण सोमवारी रात्री बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक शिकायचं आणि मंगळवारी मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसायचं, असा अभ्यास कुठल्याच ग्रंथालयात झाला नसता. परवडत असेल तर निवासी शिक्षण घ्या. नसेल तर या वाटेला कमी समजू नका.

दीक्षा बहुतेक ठिकाणी जूनअखेर, पेत्राच्या सणाच्या सुमारास होते. पहिल्यांदा डीकन. स्टोल, म्हणजे विधीच्या वेळी घालायचा लांब पट्टा, एका खांद्यावरून तिरका, आणि प्रभुभोजनाचा विधी चालवायचा अधिकार नाही. साधारण वर्षाने प्रीस्ट. ते एक वर्ष अनेकांना वाट पाहण्याचं वाटतं. मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण तेव्हा फक्त सेवा असते. पुढे कितीही पदं आली तरी डीकनपण पुसलं जात नाही. पहिली तीन-चार वर्षं क्युरेट म्हणून एका अनुभवी पाळकाच्या हाताखाली जातात. चर्चच्या नावापेक्षा तो माणूस पाहून जागा निवडा.

पैशांचं स्पष्ट बोलते, कारण आपल्याकडे कुणी बोलत नाही. मिळतो तो स्टायपेंड, म्हणजे काम करता यावं म्हणून दिलेला निर्वाह. त्यात चैन होत नाही. राहायला घर मिळतं, पण ते कामासोबतचं असतं. निवृत्तीचं वय सर्वसाधारणपणे ७०, आणि तेव्हा घर सोडावं लागतं. चाळिशीतच त्याची तजवीज सुरू करा.

२००७ मध्ये मी व्हिकर झाले. मंडळीत येणारे साठ-सत्तर लोक हे एवढंच माझं काम, असं मला वाटायचं. तसं नाही. पॅरिशच्या, म्हणजे चर्चला नेमून दिलेल्या भागाच्या, हद्दीत राहणारा प्रत्येक माणूस, चर्चला येणारा, न येणारा, दुसऱ्या धर्माचा, तुमच्या काळजीत असतो. शेजारच्या गुजराती कुटुंबातले आजोबा गेले तेव्हा त्यांची सून माझ्या दारात आली. तिला विधी नको होता; रुग्णालयाचे कागद समजून घ्यायचे होते. ती माझी व्हिकर म्हणूनच भेट होती.

आणि इमारत! मध्ययुगीन चर्च म्हणजे छपरावरचं शिसं, भिंतीतली ओल, बंद पडलेला बॉयलर. दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञ तपासणी करतात. काही महत्त्वाचं बदलायचं तर डायोसिसच्या न्यायाधीशाची परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात. चर्चवॉर्डनांशी, म्हणजे चर्चची देखभाल पाहणाऱ्या निवडून आलेल्या लोकांशी, सुरुवातीपासून मनापासून वागा. गटार कुठे तुंबतं हे त्यांनाच माहीत असतं, आणि कुठल्या घरात बोलणं बंद झालंय हेही.

२०१२ मध्ये एरिया डीन झाले, म्हणजे आपली पॅरिश सांभाळून आसपासच्या पाळकांचीही विचारपूस. २०१५ मध्ये आर्चडीकन. कायद्याने त्यासाठी दीक्षेला सहा वर्षं पूर्ण लागतात. आर्चडीकनला पूर्वीपासून बिशपचा डोळा म्हणतात. चर्चवॉर्डनांना दरवर्षी पदावर घेणं, किरकोळ दुरुस्त्यांना मान्यता, रिकाम्या पॅरिशची सोय, पाळकांविरुद्धच्या तक्रारी, हे सगळं टेबलावर येतं. नावाआधी 'व्हेनरेबल' लागतं. नगरहून फोन आले, "आता बिशप कधी?" डायोसिसच्या बिशपसाठी चर्चचा एक आयोग नाव ठरवतो, ते पंतप्रधानांमार्फत राजाकडे जातं, त्याची स्वप्नं रंगवत पाळकपण करू नये. पण वाट बंदही नाही. २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे या चर्चच्या सगळ्यात वरच्या पाळकपदी, निवड जाहीर झालेल्या सारा मुलाली मूळच्या नर्स. ती बातमी वाचताना मला माझा वॉर्ड आठवला आणि डोळे भरून आले.

या पदाने माझ्याकडून काय घेतलं तेही सांगते. माझी स्वतःची मंडळी राहिली नाही. दर रविवारी वेगळं चर्च. पॅरिशमध्ये असताना बाप्तिस्मा दिलेली मुलं पुढे शाळेच्या फाटकाशी भेटायची आणि मला त्यांची नावं ठाऊक असायची. आता बाप्तिस्मा क्वचितच. ज्याला लेकरं, लग्नं आणि मरणं हवी आहेत त्याने पॅरिशमध्येच राहावं. तिथे राहणं म्हणजे मागे पडणं नव्हे.

एका बाबतीत मी तडजोड करत नाही: मुलांची आणि दुर्बळांची सुरक्षा. नोव्हेंबर २०२४ मध्ये, चर्चशी जोडलेल्या एका माणसाने मुलांवर केलेल्या अत्याचारांबद्दलचा मेकिन अहवाल आला आणि त्यानंतर तेव्हाचे कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. पीडितांना किती दशकं ऐकून घेतलं गेलं नाही, हे त्यात लिहिलेलं आहे. दीक्षेचा विचार करत असाल तर तो अहवाल आधी वाचा. कुणी तुम्हाला काही सांगायला आलं तर त्याच दिवशी नोंद करा, त्याच दिवशी सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. "साहेब चांगले आहेत" हे उत्तर नव्हे.

आपल्याकडे आधीच दीक्षा घेतलेल्यांसाठी: २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे जागतिक अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या चर्चच्या, कुटुंबातलं आहे, त्यामुळे तुमची दीक्षा इथे ओळखली जाते. तरी परदेशात दीक्षा झालेल्यांना इंग्लंडमध्ये सेवा करायला १९६७ च्या कायद्याखाली आर्चबिशपची परवानगी लागते. ती हातात आल्याशिवाय घर आवरू नका.

नवा पाळक पदावर येतो तेव्हा बिशप त्याला म्हणतात, की आत्म्यांची ही काळजी घे, ती तुझी आणि माझीही आहे. मग आर्चडीकन त्याचा हात धरून चर्चच्या दाराच्या कडीवर किंवा किल्लीवर ठेवतो. असे कितीतरी हात मी धरले आहेत. बहुतेक गार असतात. पुढे नवा पाळक घंटेचा दोर ओढतो, आणि लोक टोले मोजतात, कारण जितके टोले तितकी वर्षं हा राहणार असा समज आहे. मी सात दिले होते आणि आठ वर्षं राहिले.