इतिहास वाचायला घेताय? मग आधी या चुका टाळा

इतिहास कशाला वाचायचा असं विचारलं की बहुतेक जण अभिमानाचं नाव घेतात, एमपीएससीवाले सिलॅबस दाखवतात, आणि ग्रुपवर भांडण पेटलं की समोरच्याला गप्प करायला म्हणून वाचणारे पण निघतात, ते कबूल करत नाहीत एवढंच. यातलं कुठलंच कारण पाप नाहीये. पण ज्या कारणासाठी वाचायला बसता ना, चुका पण त्याच बाजूला होतात. मराठ्यांच्या इतिहासाबद्दलच बोलतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे उत्तर आधी ठरवायचं आणि मग पुस्तक उघडायचं. पानिपतचं घ्या. एक पार्टी म्हणते पानिपत झालं आणि मराठे संपले, दुसरी म्हणते छे, हरलोच नव्हतो आपण. आता 14 जानेवारी 1761 ला दणका बसला तो बसलाच, विश्वासराव गेले, सेनापती सदाशिवराव भाऊसाहेब गेले, नानासाहेब पेशवे पण त्याच जूनमध्ये वारले. पण 1771 ला महादजी शिंदे दिल्लीत होते आणि 1772 च्या जानेवारीत बादशहा शाह आलम मराठ्यांच्या जोरावर परत दिल्लीत आला, पेशवाई बुडाली ती 1818 ला. म्हणजे दोन्ही पार्ट्या साफ चुकल्या, आणि हे कळायला कुठलं गुप्त दफ्तर नको, नुसती चार वर्षं ओळीने मांडली तरी पुरे.

याच्याच पोटातली दुसरी चूक, निकाल माहीत असताना भाऊंना अक्कल शिकवणं. मॅच हरल्यावर टॉस जिंकून बॅटिंग का घेतली म्हणणारे असतात ना, तसलं. ऑक्टोबर 1760 मध्ये भाऊंनी कुंजपुरा घेतलं, तिथे धान्य मिळालं, त्या दिवशी तरी तो निर्णय बरोबरच दिसत होता. त्यानंतर अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठे आणि दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. डिसेंबरमध्ये रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, सोबत न लढणारी एवढी माणसं, बायका, यात्रेकरू, खायला काही नाही, आणि शेवटी उपाशी पोटी बाहेर पडून लढले. आता यात नेमकं कुठल्या टप्प्यावर, त्यांना तेव्हा जेवढं माहीत होतं तेवढ्यावर, वेगळं काय करता आलं असतं? मला विचाराल तर इतिहास वाचायचं खरं कारण हा प्रश्न आहे, कारण आपण पण नोकरी, घर, लग्न सगळे निर्णय अर्ध्या माहितीवरच घेतो की.

बरं, आता जरा टेक्निकल. लोक सगळ्यात जास्त आपटतात ते तारखांवर.

शिवजन्म फाल्गुन वद्य 3, शके 1551. शकात 78 मिळवा असं शाळेत शिकवलेलं असतं, केलं की येतं 1629, आणि मग झाली पोस्ट तयार, 'आपल्याला चुकीचं शिकवलं'. अहो फाल्गुन येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, त्यामुळे तिथे 79 मिळवायचे, 1630. शिवाय 19 फेब्रुवारी 1630 ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे, आजच्या कॅलेंडरने तोच शुक्रवार 1 मार्चला येतो. यात कोणी कोणाला फसवलेलं नाही.

तसंच गोव्याचे पोर्तुगीज नवीन कॅलेंडर वापरायचे, सुरतेचे इंग्रज जुनं, म्हणून एकाच दिवसाच्या कागदांत 10 दिवसांचा फरक दिसतो. वर इंग्रजांचं नवीन वर्ष 25 मार्चला लागायचं, त्यामुळे जानेवारी 1664 ची सुरतेची लूट त्यांच्या जुन्या हिशोबाने 1663 मधलीच. मराठी पत्रांत शुहूर सन, म्हणजे अरबी शब्दांत लिहिलेलं वर्ष, असतो तो वेगळाच. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1161, इंग्रजी वर्ष काढायला मृगापासून (जूनच्या सुरुवातीपासून) डिसेंबरपर्यंत 599 मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. हाच तो पानिपतचा सन. घाबरू नका, आठवडाभरात हात बसतो.

आणि हो, पानिपत संक्रांतीला झालं असं ठासून सांगणारे दरवर्षी भेटतात. 14 जानेवारी दिसली की संक्रांत, असा हिशोब. पण संक्रांत साधारण 70-72 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख 12 जानेवारी 1863. मग त्याच्या शंभर वर्षं आधी ती 14 ला कशी असेल? 1761 मध्ये संक्रांत चार दिवस आधीच होऊन गेली होती, लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. एवढं तपासायला दहा मिनिटं लागतात, पण कोणी तपासत नाही, कारण गोष्ट ऐकायला छान वाटते.

बखरींचं, म्हणजे जुन्या मराठी गद्य इतिहासांचं, थोडक्यात. सभासद बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, लिहिणारा दरबारातला माणूस. चिटणीस बखर 1810 च्या सुमाराची, म्हणजे शिवाजी महाराज गेल्यावर सव्वाशेहून जास्त वर्षांनी. दोन्ही वाचा, पण दोघींना एकाच तराजूत घालू नका, आणि एखादा प्रसंग फक्त नंतरच्या बखरीतच सापडत असेल तर जरा थांबा. परीक्षावाल्यांना एवढंच सांगेन की सनावळी पाठ करा, करावीच लागते, पण प्रत्येक सनाच्या आधीचे सहा महिने पण वाचा, मग पाठ करायला त्रास कमी होतो.

राहता राहिले भांडणवाले. कोणी 'अस्सल पत्र' म्हणून फॉरवर्ड टाकला की चिडू नका, फोटो झूम करत पण बसू नका. इतिहासकार वि. का. राजवाड्यांचे छापील पत्रांचे खंड आहेत, पेशवे दफ्तराचे 45 भाग छापलेत, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून कागद जमवतंय. छापील पत्राला नंबर असतो. नम्रपणे विचारा, दादा, कुठला खंड, कितवा लेखांक? दोन टिक निळ्या होतात आणि मग बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहतं.