हिरड्यांतून रक्त येतंय? मग तिथंच ब्रश करा

ब्रश करताना बेसिनमध्ये लाल धागा दिसला की त्या बाजूला मी हातच लावायचे नाही. जखम आहे, भरू दे, म्हणून. दोन-तीन वर्षं हेच चाललं. मग दाताच्या डॉक्टरांनी खुणांची बारीक सळई हिरडीच्या कडेला घालून आकडे सांगायला सुरुवात केली, "दोन, तीन, तीन... सहा." दात आणि हिरडीमधली फट किती खोल, ते हे आकडे. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. सहा निघाले ते मी जपलेल्या दाढेपाशी!

दात आणि हिरडी जिथं भेटतात तिथं रोज जंतूंचा चिकट थर साचतो. नखानं खरवडला तर पांढुरकं काहीतरी येतं, तोच. तो राहिला की लाळेतल्या क्षारांनी कडक होतो. त्याला आपण किटण म्हणतो, आणि ते ब्रशनं निघत नाही. हिरडी सुजते, रक्त येतं. एवढ्यावर असेल तर ती पूर्ववत होते. पुढं आतलं हाड झिजायला लागलं की गेलेलं हाड सहसा परत येत नाही. आणि दुखत काहीच नाही, हीच खरी पंचाईत.

ब्रश मऊ घ्या. तिरका धरा, साधारण 45 अंशांत, केसांची टोकं हिरडीच्या कडेवर येतील असा. जागच्या जागी हलकेच हलवायचा, फरशी घासल्यासारखा नाही. दोन मिनिटं. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू हमखास राहते, किटण तिथंच जास्त. रात्रीचा ब्रश चुकवू नका. फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशाचं पिल्लू वाटावं असा छोटा ब्रश मिळतो, तो घ्या. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर तेवढंही थांबू नका.

डॉक्टर किटण खरवडून काढतात, ते स्केलिंग. 'स्केलिंगनं दात हलतात' हे आमच्या शेजारच्या काकूंचं ठाम मत. मलाही नंतर फटी दिसल्या. पण त्या आधीपासूनच होत्या, किटणानं बुजलेल्या.

आई तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची. "माझ्या हिरडीतून कधी थेंब आला नाही," हे तिचं पालुपद. तंबाखूनं हिरडीतलं रक्ताभिसरण आखडतं, म्हणून थेंब येत नाही. आतली झीज चालूच राहते. तिचे पुढचे दोन दात हलायला लागले तेव्हा कळलं. आता ती भाकरी दुधात कुस्करून खाते. मशेरीची डबी अजून फडताळात आहे, रिकामी आहे म्हणते.