मादी शॅमेलिऑनच्या प्रकृतीवर लक्ष ठेवताना या चुका टाळा

मूळचा येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला व्हेल्ड शॅमेलिऑन हा रंग बदलणारा सरडा आज अमेरिकेत आणि युरोपात मोठ्या प्रमाणावर घरी पाळला जातो. उत्तम देखभाल मिळाली तर नर साधारण सहा ते आठ वर्षे जगतो, मादी मात्र बहुधा चार ते सहा वर्षेच जगते. या तफावतीचे मोठे कारण अंडी हे आहे. मादीचे दुखणे ओळखताना होणाऱ्या बहुतेक चुका तिला नरासारखीच समजून सांभाळल्यामुळे होतात.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आपल्याकडच्या रानात आढळणाऱ्या सरडगुहिऱ्याला, म्हणजे भारतीय शॅमेलिऑनला, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. पुढील मजकूर रीतसर पाळलेल्या व्हेल्ड मादीबद्दल आहे.

नर नाही, म्हणजे अंडी नाहीत?

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच आहे. कोंबड्याविना कोंबडी जशी अंडी देते, तशीच ही मादीही नराच्या सहवासाशिवाय अंडी धरते, आणि तीही वयाच्या अवघ्या पाच-सहा महिन्यांपासून. अंडी फलित नसली तरी शरीरावर पडणारा ताण तोच असतो. म्हणून आपल्याकडचे पिल्लू मादी आहे की नर, हे लवकर पाहून घ्यावे. नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर जन्मापासूनच एक लहानसा उंचवटा असतो. मादीला तो नसतो.

अंगावर निळसर आणि पिवळे ठिपके उमटणे, पोट दोन्ही बाजूंनी फुगणे, भूक मंदावणे आणि एरवी फांदीवर स्थिर बसणारी मादी पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा घालू लागणे, ही अंडी घालण्याची वेळ जवळ आल्याची लक्षणे आहेत. या वेळी तिला खोदायला जागा नसेल, तर ती अंडी आत अडवून धरते आणि अंडी अडकण्याचा जीवघेणा प्रकार सुरू होतो. त्यामुळे मादी वयात येण्याआधीच निदान एक फूट खोल, तिला आत सहज वळता येईल एवढे रुंद आणि ओलसर वाळूने भरलेले भांडे पिंजऱ्यात कायमचे ठेवावे. वाळू मुठीत आवळून पाहावी: आकार धरून राहिली आणि बोटाने केलेले भोक ढासळले नाही, तर ओल योग्य आहे. कोरड्या वाळूत बोगदा कोसळतो आणि मादी खोदणे सोडून देते.

दुसरी चूक म्हणजे कौतुकाने पाहत राहणे. खोदणाऱ्या मादीला आपल्यावर कोणाची नजर आहे असे जाणवले, तर ती अर्धवट बोगदा टाकून वर निघून जाते. पिंजऱ्याच्या खालच्या भागावर कापड टाकावे आणि डोकवायचे झाले तर तिच्या नकळत, एखाद्या फटीतून. काम दुसऱ्या दिवसापर्यंतही चालू शकते. अंडी घालून झाल्यावर ती स्वतः खड्डा बुजवून वरची माती दाबते, आणि रोडावलेल्या पोटाने फांदीवर परत येते. त्यापुढचे काही दिवस तिला पाणी आणि कॅल्शियम लावलेले किडे पुरेसे द्यावेत.

सुस्ती म्हणजे विश्रांती नव्हे

अंगात अंडी असलेली निरोगी मादी कमी खाते, पण सावध असते. डोळे उघडे असतात आणि पकड घट्ट असते. याउलट दिवसा डोळे मिटणे, डोळे खोल जाणे, फांदी सोडून तळाशी बसून राहणे, किंवा खोदूनही अंडी न घालणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी सरीसृपांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. अंडी कुठे आणि कशी आहेत हे क्ष-किरण चित्रातून कळते आणि औषध की शस्त्रक्रिया, हे त्यावरून ठरते. घरी पोट चोळून किंवा दाबून अंडी बाहेर काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. आतल्या आत अंडे फुटले किंवा अंडनलिका फाटली तर प्राणी वाचवणे फार कठीण होते.

प्रेमापोटी जास्त खाऊ घालणे हीदेखील चूकच आहे. भरपूर अन्न आणि जास्त उष्णता मिळाली की अंड्यांची संख्या वाढते. प्रौढ मादीला एक दिवसाआड तीन-चार किडे पुरतात आणि ऊन घेण्याच्या फांदीवर साधारण 27 ते 29 अंश सेल्सिअस तापमान पुरे होते. वाढत्या पिल्लांच्या बाबतीत मात्र अशी काटकसर करू नये.

कवचासाठी कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून काढून घेते. पाय वाकणे, जबडा मऊ पडणे, चालताना थरथरणे, जीभ नीट बाहेर न फेकता येणे, ही त्याची चिन्हे आहेत. किड्यांना ड जीवनसत्त्वविरहित कॅल्शियमची पूड नियमित लावावी. ड आणि अ जीवनसत्त्वे असलेली पूड मात्र जपून, कारण तिचा अतिरेकही घातक ठरतो. त्याचबरोबर यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी दिव्याची नळी हवीच. काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही, कारण काच हे किरण अडवते. नळीचा उजेड दिसत राहिला तरी तिचे किरण कालांतराने क्षीण होतात, म्हणून ती साधारण वर्षभरात बदलावी.

नुसत्या नजरेवर विसंबणेही बरे नाही, कारण हा प्राणी आजार लपवतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक सुकी फांदी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मादीला त्या फांदीवर चढू द्यावे. धरायला फांदी मिळाली की ती शांत राहते. आठवड्यातून एकदा वजन लिहून ठेवावे. खाणे कमी असूनही वजन वाढत असेल तर अंडी आहेत असे समजावे. पोट न फुगता वजन सतत घटत असेल तर तपासणी करून घ्यावी. विष्ठेसोबत पडणारा घट्ट मूत्राचा भाग (युरेट) पांढरा असावा. तो गडद पिवळा किंवा नारिंगी असेल तर बहुधा पाणी कमी पडते आहे आणि फवारणी किंवा ठिबक वाढवायला हवे. थंड वेळीही तोंड उघडे ठेवून श्वास घेणे हे श्वसनमार्गाच्या संसर्गाचे लक्षण असू शकते.

कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात सरीसृपांवर उपचार होतातच असे नाही, हे संकटाच्या रात्री कळून उपयोग नसतो. मादी धडधाकट असतानाच असा डॉक्टर शोधून एकदा तपासणी करून घ्यावी, आणि जाताना वजनाची वही, ताजी विष्ठा व पिंजऱ्याचे, दिव्यांचे फोटो सोबत न्यावेत.