वर्षाचं होत आलेल्या बाळाचं जेवण घरच्या पातेल्यातूनच कसं काढावं

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या पाळणाघरात दुपारी डबे उघडतात, तेव्हा दहा-अकरा महिन्यांच्या बऱ्याच बाळांच्या डब्यात एकच प्रकार निघतो: मिक्सरमधून काढलेली गुळगुळीत, पिवळट पेस्ट. खिचडी होती की भाजी, ते चाखूनही कळत नाही. त्यामागची आईबाबांची धडपड मला दिसते. पहाटे उठून बाळासाठी वेगळं रांधायचं, मग स्वतःचा डबा भरायचा आणि आठच्या आतबाहेरची लोकल गाठायची. पण बाळ दहा महिन्यांचं झालं की एवढ्या वेगळ्या रांधण्याची गरज राहत नाही. घरात जे वरण, भात, भाजी, भाकरी होते, त्यातलाच बाळाचा वाटा मीठ-तिखट पडण्याआधी काढायचा आणि त्याला झेपेल इतका मऊ करायचा. ते कसं जमवावं हे इथे सांगते. बाळ मुदतीआधी जन्मलं असेल, वजन कमी असेल किंवा कसली ॲलर्जी माहीत असेल, तर आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

बाळापुरता मिक्सर बंद करा

एकदम नको. पहिले काही दिवस खिचडी डावाने घोटा. मग घोटणं सोडून हाताने कुस्करा, शितं दिसू द्या. ते अंगवळणी पडलं की ताटात उकडलेल्या रताळ्याचे, दुधीचे बोटाएवढे लांबट तुकडे ठेवा आणि बाळाला स्वतः उचलू द्या. तुकडा अंगठा आणि बोटात धरून दाबला की सहज चेपला पाहिजे. चेपला, तर हिरड्यांनाही चावता येतो. दाढांची वाट बघायला नको. चावणं हे शिकायचं काम आहे, आणि दहा महिन्यांच्या पुढेही पातळ पेस्टच मिळत राहिली तर पुढे मूल घास तोंडात धरून बसतं, गाठी थुंकतं.

नवा पोत आला की बाळ ओकारी आल्यासारखं करतं, खोकतं, घास बाहेर ढकलतं. आवाज येतोय तोवर घाबरून तोंडात बोट घालू नका, घास आणखी आत जाईल. आवाज बंद झाला, खोकताच येत नाहीये, ओठ निळे पडू लागले, तर घास अडकलाय. अशा वेळी बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली ठेवा आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने ५ थापा द्या. तरी निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी ५ वेळा दाबा. घास निघेपर्यंत हेच आलटून पालटून करा, आणि दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ ला फोन लावायला सांगा. बाळ निपचित पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायचा प्रथमोपचार, द्यावा लागतो. हे सगळं कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्या. आजी-आजोबा सांभाळत असतील तर त्यांनाही शिकवा.

किती आणि कधी

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार नऊ महिन्यांच्या पुढे दिवसाला ३ ते ४ वेळा जेवण आणि भूक असेल तसं १ ते २ वेळा मधलं खाणं. एका वेळेला साधारण अर्धी वाटी, वाटी २५० मिलिलिटरची धरून. वर्षाकडे जाताना पाऊण वाटीपर्यंत. आईचं दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षं आणि त्याच्या पुढेही. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी आई घरी आल्यावर पाजलं, तर मधे जेवणाला भूक राहते. तासातासाला दूध मिळणारं बाळ जेवायला तोंड उघडणार नाही.

वर्षाच्या सुमारास वाढीचा वेग पहिल्या सहा महिन्यांपेक्षा बराच मंदावतो आणि भूकही कमी-जास्त होते. आज वाटी चाटूनपुसून, उद्या दोन घास. घरातली मोठी माणसं अशा वेळी कासावीस होतात, मग मोबाइलवर गाणं लावून घास कोंबले जातात. कृपा करून हे टाळा. बाळाने मान फिरवली, तोंड मिटलं की जेवण संपलं. वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेघ नीट चढत असेल तर एका दिवसाच्या घासांचा हिशोब नको. पण वजन दोन-तीन महिने थांबलं किंवा कुठलाच घट्ट पदार्थ गिळता येत नसेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

एकाच कुकरमधून सगळ्यांचं

कुकरच्या खालच्या भांड्यात तुरीची किंवा मुगाची डाळ, हळद आणि हिंगाच्या चिमटीसह. वरच्या भांड्यात तांदूळ, नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी घालून. त्यावर छोट्या वाटीत लाल भोपळ्याच्या किंवा गाजराच्या फोडी. कुकर उतरला की डाळ घोटा, आणि मीठ, मिरची, आमसूल पडायच्या आधी बाळाचं वरण वाटीत काढा. मऊ भात, वरण, कुस्करलेला भोपळा, वर चमचाभर साजूक तूप आणि लिंबाचे दोन थेंब. बाळाचं पोट लहान असतं, म्हणून थोड्या घासात जास्त ताकद जावी यासाठी तूप हवंच. वरण पाणचट नको: चमचा तिरका केला तर हळूहळू सरकावं, धार लागू नये. डाळीच्या वरचं नुसतं पाणी पाजण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. त्यात डाळ नसतेच, पोट मात्र भरतं.

याच वरणात पुढचे कितीतरी प्रकार दडलेत. ज्वारीची ताजी भाकरी पापुद्रा काढून बारीक चुरा आणि गरम वरणात दहा मिनिटं भिजू द्या. चपाती करताना एक पोळी लाटून तिचे बारीक तुकडे वरणात शिजवले की वरणफळं होतात, ती बाळं हाताने उचलून खातात. पालक किंवा चवळीची पानं अगदी बारीक चिरून डाळीतच शिजवा. शेवग्याच्या शेंगा उकडून चमच्याने गर खरवडा, मात्र धागे बघून काढा. जून महिन्यात येऊरच्या बायका शेवळं घेऊन बसतात ती आपल्यासाठी आणा, बाळाला नको. घशाला खाजणाऱ्या रानभाज्या या वयात देऊ नयेत.

नाश्त्याला मुगाचं धिरडं, मिरची न घालता, बोटभर पट्ट्या कापून. मऊ घावन. तांदळाच्या पिठाची ताकातली उकड, जिरं आणि कढीलिंबाच्या फोडणीवर. पान बाळाच्या वाटणीतून काढून टाका. मऊ भात आणि मेतकूट तर आपल्याकडे बाळांचं हक्काचं जेवण, पण विकतच्या मेतकुटात मीठ आणि मिरची असते, म्हणून पुडीमागचे घटक वाचा किंवा घरी त्यांच्याशिवाय करा. मधल्या वेळी वेलची केळं, बिया काढलेला चिकू, मोसमात हापूसची फोड, घरचं गोडं दही.

अंडं चालतं, पण पूर्ण उकडलेलं, पिवळा आणि पांढरा दोन्ही भाग. ठाण्यात चेंदणी कोळीवाडा शेजारी असताना ताज्या मासळीची वानवा नाही. बाळासाठी पापलेट सोपं: तुकडा हळद लावून वाफवायचा, मधला काटा काढायचा, मग मास बोटांनी चिवडत चांगल्या उजेडात दोनदा तपासायचं. नजरेला न दिसणारा काटा बोटाला लागतो. मोरी, म्हणजे शार्क, नको, त्यात पारा जास्त असतो. खारवलेली सुकी मासळीही नको.

अंडं, शेंगदाण्याचं कूट, मासळी हे नवीन पदार्थ एका वेळी एकच, सकाळी आणि थोडेसे द्या, दोन-तीन दिवस बघा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, ओकाऱ्या झाल्या तर थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. श्वासाला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा.

लोहाकडे खास लक्ष

आईच्या पोटात साठवलेलं लोह साधारण सहा महिने पुरतं आणि आईच्या दुधात ते थोडंच असतं. म्हणून रोजच्या ताटात डाळ, पालेभाजी, अंडं, मासळी किंवा चिकन यांतलं काहीतरी हवं. वर लिंबू पिळलं की डाळी-भाज्यांमधलं लोह शरीरात जास्त मुरतं. चहाने उलट होतं, म्हणून चहात बुडवलेली चपाती किंवा बिस्कीट बाळाला देऊ नका, आजोबांनी प्रेमाने दिलं तरी. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं औषध दिलं जातं. गोवराच्या लसीला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाल, तेव्हा त्याबद्दल जरूर विचारा.

नाचणीचं पीठ घरी

नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. वाटीभर नाचणी पाच-सहा पाण्यांनी धुवा. तळाशी खडे बसतात म्हणून वरवरची उपसून घ्या. आठ-दहा तास भिजवून सुती फडक्यात सैल बांधा. ठाण्याच्या दमट हवेत एक-दीड दिवसात बारीक पांढरे मोड दिसतात. पावसाळ्यात फडकं दोन-तीनदा उघडून वास घ्या; आंबूस किंवा कुबट आला तर सगळं टाकून द्या. मोड आलेली नाचणी पंख्याखाली पसरून कडकडीत वाळवा, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजा, दळून आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फडक्यातून गाळून सत्त्व काढायची रीत आहे, पण या वयाला मी न गाळलेलं पीठ देते. चोथ्याबरोबर कस कशाला घालवायचा?

दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवा, मग अर्धी वाटी उकळत्या पाण्यात घालून सहा-सात मिनिटं ढवळत शिजवा. चकाकी आली, कच्चा वास गेला की झालं. गोडीला कुस्करलेलं केळं किंवा भिजवून वाटलेला खजूर. गूळही शेवटी साखरच, तो वर्षाच्या आत नको.

काय देऊ नये

मध अजिबात नाही, चाटवायलाही नाही, औषधाबरोबरही नाही. त्यात असू शकणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, आणि मध उकळूनही ते बीजाणू मरत नाहीत. अख्खे शेंगदाणे, काजू, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, सफरचंदाची कडक फोड घशात अडकतात. दाण्याचं बारीक कूट भातात कालवून, द्राक्ष उभं चार भागांत चिरून द्या. मीठ दिवसाला १ ग्रॅमच्या आतच असावं, आणि ते पदार्थांत मुळातच असतं, वरून घालायची गरज नाही. बाटलीभर गाईचं दूध जेवणाऐवजी नको. दही, ताक, रांधण्यात थोडं दूध चालेल. बिस्किटं, फळांचे डबाबंद रस आणि झोपेसाठी उगाळलेलं जायफळ, ही तिन्ही सोडा.

पाळणाघराचा डबा भरताना

शिजलेला भात उन्हाळ्यात बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून खिचडी वाफाळती असतानाच, उकळतं पाणी घालून तापवलेल्या थर्मासच्या डब्यात भरा. तसा डबा नसेल तर लगेच गार करून फ्रिजमध्ये ठेवायला आणि देताना पुरता गरम करायला सांभाळणाऱ्या बाईंना सांगा. केळं सालीसकट द्या, इथे सोलता येतं. पाणी उकळून गार केलेलं, आणि बाटलीऐवजी छोटा पेला. डब्यासोबत दोन ओळींची चिठ्ठी जरूर ठेवा: आज नवीन काय घातलंय, सकाळी किती खाल्लं, रात्री ताप किंवा जुलाब होते का. बाळाने उष्टावलेलं अन्न आम्ही परत डब्यात भरत नाही, टाकून देतो. तुम्हीही ते संध्याकाळसाठी राखू नका.