रशियात बोल्ट घेताय? गोस्ट-डिनच्या आधी क्लास लिहा

ड्रॉइंग युरोपियन आणि माल रशियन बाजारातला, अशा साइटवर खरेदी बघणाऱ्यांसाठी लिहितोय. व्यास, लांबी, नग सगळे लिहितातच. क्लास, म्हणजे बोल्टची ताकद सांगणारा आकडा, तोही लिहा. मागच्या ऑर्डरमधे नेमकं तेच राहिलं होतं. गोस्ट (रशियन मानक) ७७९८-७० असो की डिन (जर्मन मानक) ९३१, तो नंबर बोल्टचा आकार सांगतो, ताकद सांगतच नाही, नुसतं 'एम१६×८०, गोस्ट ७७९८' (व्यास १६, लांबी ८० मिमी) लिहिलंत तर ५.८ चा माल येऊ शकतो आणि त्यावर भांडताही येत नाही. ५.८ म्हणजे ओढून तुटण्याची नाममात्र ताकद ५०० मेगापास्कल, ८.८ म्हणजे ८००, आणि झिंक चढवलं की दोन्ही दिसायला सारखेच. गोस्टच्या पद्धतीत मधलं टिंब गाळून ५८, ८८ लिहितात, त्यापुढचं ०१६ म्हणजे ६ मायक्रॉनचं झिंक कोटिंग, त्याचा ताकदीशी संबंध नाही. फोनवर विचारायचं असेल तर 'क्लास प्रोच्नोस्ती' विचारा. माल उतरला की पेटीच्या तळातले चार-पाच बोल्ट काढून डोक्यावर ८.८ आहे का बघा, वरवरचे नको.

ड्रॉइंगवर डिन ९३३ असेल तर पूर्ण आटे हवेत. समकक्ष मानकांचा तक्ता बघून त्याजागी बिनधास्त ७७९८ देतात, तो लांब मापात अर्धवट आट्यांचा येतो, एम१६×८० ला आटे फक्त ३८ मिमी. 'पूर्ण आटे' असं लिहून घ्या.

पाने (स्पॅनर) बघून ठेवा. एम१२ ला डिनचा १९, आयएसओचा (आंतरराष्ट्रीय मानक) १८, गोस्टमधे दोन्ही सापडतात. एम१६ आणि एम२० ला भानगड नाही, २४ आणि ३०. पण ईएन (युरोपियन मानक) १४३९९ चा हाय स्ट्रेंथ एम२० असेल तर ३२ लागतो, वर चढल्यावर कळून उपयोग नाही. त्यात एचआर आणि एचव्ही या दोन पद्धती वेगळ्या, नट-वॉशर-बोल्ट एकाच कंपनीचा सेट घ्या, मिसळायचं नाही म्हणजे नाही.

नट: डिन ९३४ चा एम१६ १३ मिमी उंच, आयएसओ ४०३२ चा १४.८, बोल्टची लांबी त्या हिशोबाने. आणि नटालाही क्लास असतो! ८.८ च्या बोल्टला ८ चा नट. हेही ऑर्डरमधे लिहा.

हॉट डिप (वितळलेल्या झिंकमधे बुडवलेला) माल असेल तर नटही त्यासोबतचेच, साधे बसत नाहीत. सर्टिफिकेटवरचा बॅच नंबर पेटीशी जुळवा, युरोपियन मालाला ३.१ प्रकारचं तपासणी सर्टिफिकेट मागा. क्लास लिहिला का?