उयुनीच्या मिठावर निघालात? आम्ही केलेल्या या चुका टाळा

पुण्यातला माणूस लडाखला गेला की लेहला उतरून दोन दिवस गपगुमान झोपून काढतो, पाणी पीत बसतो. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही, सोसायटीतले चार जण जाऊन आलेले असतात आणि त्यांनी आधीच दम भरलेला असतो. तोच माणूस बोलिव्हियाला निघाला की सगळं विसरतो, कारण ती फॉरेन टूर असते, गाइड असतो, ड्रायव्हर असतो, जेवण पॅकेजमध्ये असतं आणि आपण फक्त जीपमध्ये बसायचं असतं. आम्ही सहा जण दिवाळीच्या सुट्टीत असेच बसायला गेलो होतो. मी, बायको, मेव्हणा आणि त्याची बायको, ६३ वर्षांची मावशी, आणि मावशीचा मुलगा.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सालार दे उयुनी म्हणजे बोलिव्हियातलं मिठाचं मैदान, जगातलं सगळ्यात मोठं, १०,००० चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं आणि ३,६५६ मीटर उंचीवर. फार पूर्वी तिथं मोठी सरोवरं होती, ती आटली आणि मीठ उरलं. त्याच्या दक्षिणेला चिलीच्या बॉर्डरपर्यंत अँडीजचं उंच वाळवंट आहे, त्यात रंगीत तळी, फ्लेमिंगो, ज्वालामुखी, गरम पाण्याचे झरे. ३ दिवस २ रात्री अशी जीप टूर असते, लँड क्रूझरमध्ये ६ प्रवासी आणि ड्रायव्हर. एकतर उयुनी गावातून निघायचं नाहीतर चिलीतल्या सान पेद्रो दे आताकामातून.

आणि इथंच आमची पहिली आणि सगळ्यात महागात पडलेली चूक झाली.

कुठून सुरू करायचं हे फ्लाइटच्या भावावरून ठरवलं

सान पेद्रोजवळच्या चिलीतल्या कालामाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आम्ही सान पेद्रोकडून सुरू केलं. नकाशावर बघितलं तर रस्ता तोच, फक्त उलटा. पण उंचीचा हिशोब लावा. सान पेद्रो २,४०० मीटरवर. सकाळी निघालात की बॉर्डरलाच ४,४०० च्या वर जाता, दुपारी सोल दे मान्यानाचे उकळत्या चिखलाचे खड्डे ४,८०० च्या वर, आणि पहिलीच रात्र लागुना कोलोराडा या तळ्याजवळ ४,३०० च्या आसपास. म्हणजे एका दिवसात जवळजवळ २,००० मीटर चढून तिथंच झोपायचं. उयुनीकडून आलात तर पहिली रात्र मिठाच्या कडेला ३,७०० च्या आसपास होते, मग दुसरी वर, आणि तिसऱ्या दिवशी सान पेद्रोला झपकन खाली. त्यातही उयुनीला आदल्या दोन रात्री काढल्या असतील तर फारच बरं.

मेव्हणा दर रविवारी सिंहगड चढतो, ४० मिनिटांत, आणि हे तो कुठल्याही विषयावरून बोलण्यात आणतो. सिंहगड १,३०० मीटरचा, कळसूबाई १,६४६. तिथला स्टॅमिना इथं उपयोगाचा नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. ४,३०० मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो, प्रत्येक श्वासात ऑक्सिजन त्याच प्रमाणात कमी, आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात, फुप्फुसं कितीही दणकट असू देत. उलट फिट लोक जास्त पळापळ करतात म्हणून तेच आधी आडवे होतात. हा पठ्ठ्या पोल्केसच्या गरम कुंडात अर्धा तास बसला, मग सोल दे मान्यानाला वाफेतून पळत येतानाचे व्हिडिओ, तेही तीन टेक. (तिथं कठडे नाहीत आणि कडेची माती वरून कडक दिसते पण खाली पोकळ असू शकते, त्यामुळे पळायचं तर नाहीच पण गाइडच्या पुढेही जायचं नाही.)

रात्री आठला त्याचं डोकं ठणकायला लागलं, नऊला उलटी, दहाला पलंगावर भिंतीला टेकून बसलेला, डोक्यावरून फ्लीस, आडवं झालं की श्वास लागतोय म्हणे. त्या मुक्कामाला रेफुहियो म्हणतात, साध्या विटांच्या खोल्या, हीटर नाही, खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरलेला. ड्रायव्हरनं जीपमधून ऑक्सिजनचा सिलिंडर आणला, मास्क लावला आणि मावशी शेजारी बसून त्याला चमच्याचमच्यानं साखर-मिठाचं पाणी आणि मधूनमधून आलेपाक देत होती. मावशीला स्वतःला काही झालं नव्हतं, कारण ती दिवसभर जीपमधून उतरून दहा पावलं जायची आणि परत येऊन बसायची, आम्ही तिला हसत होतो.

त्याचं सकाळपर्यंत निवळलं. पण हे नेहमी निवळेलच असं नाही, म्हणून एवढं लक्षात ठेवा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत थांबा, विश्रांती घ्या, आणखी वर जाऊ नका. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, एका रेषेत टाचेला पंजा लावून चालता येईना, किंवा नुसतं बसून असतानाही धाप लागतेय आणि खोकला येतोय, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच खाली उतरायचं, बाकीच्यांची टूर गेली खड्ड्यात. ऑक्सिजननं वेळ मिळतो, पण खाली उतरण्याची जागा तो घेत नाही. बुकिंग करताना "सिलिंडर आहे का" असं विचारलं की सगळेच हो म्हणतात, म्हणून सकाळी निघताना डोळ्यानं बघा, आणि काटा पण बघा. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची असेल तर पुण्यातच डॉक्टरांना विचारून, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तसं त्यांना सांगून, आणि साधारणपणे ती चढायच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात, डोकं दुखायला लागल्यावर नाही. तिनं लघवीला जास्त होते. उणे दहामध्ये अंगण ओलांडून टॉयलेटला जाताना हे वाक्य तुम्हाला आठवेल.

दिवाळीत आरसा शोधायला गेलो

इन्स्टाग्रामवर सगळ्यांनी बघितलेला फोटो म्हणजे खाली आभाळ वर आभाळ आणि मधे माणूस. तो आरसा पावसाचं पाणी मिठावर इंच-दोन इंच साचलं की होतो, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च. दिवाळीत तिथं कोरडं ठक्क असतं. मे महिन्याच्या सुट्टीतही पाण्याची फारशी आशा धरू नका, आणि मे म्हणजे उन्हाळा हे तर डोक्यातून काढूनच टाका, तिकडे तेव्हा थंडी सुरू होते आणि जून-जुलैत वरच्या मुक्कामांना रात्री उणे १५-२० होतं. माझ्या बायकोनं आरशासाठी लाल पैठणी नेली होती, त्यावर मी जास्त काही बोलणार नाही.

पण कोरड्या सीझनला नाव ठेवू नका. मिठावर षटकोनी नक्षी उठलेली असते, क्षितिजापर्यंत, कुणीतरी फरशी बसवल्यासारखी, आणि इंकावासी बेटापर्यंत जीप जाते. मधोमध खडकाळ टेकाड आणि त्यावर माणसाच्या चारपाच पट उंच निवडुंग, जे वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. पावसाळ्यात पाणी जास्त असलं तर तिथं जाता येत नाही. म्हणजे आरसा हवा का बेट हवं हे आधी ठरवा आणि मग रजा टाका, आम्ही रजा टाकून मग ठरवलं.

असाच घोळ लागुना वेर्देचा. हिरवं तळं, मागे लिकांकाबुरचा ५,९०० मीटरचा सुळका. त्याचा हिरवा रंग पाण्यातल्या खनिजांमुळे आणि वारा सुटून पाणी ढवळलं की खुलतो, आम्ही सकाळी लवकर पोचलो तेव्हा वारा पडलेला, तळं राखाडी. मावसभाऊ म्हणाला हे तर पाषाणचं तलाव. गाइडला आधीच विचारा किती वाजता पोचणार, जमत असेल तर थोडं उशिरा न्यायला सांगा.

ऊन खालूनही येतं

टोपी घातली, कपाळाला सनस्क्रीन लावलं, झालं असं वाटतं. मीठ पांढरं, ऊन खाली आपटून वर येतं. आमची नाकपुड्यांची खालची बाजू, हनुवटीखाली आणि कानाच्या पाळीमागं भाजलं, मावसभाऊ हाफ पँटवर होता, त्याच्या मांड्यांच्या आतल्या बाजूचं वर्णन इथं नको. नाकाच्या खाली लावा, ओठांना एसपीएफवालं लिप बाम लावा, आणि गॉगल चांगला यूव्हीवाला घ्या, रस्त्यावरचा शंभरचा नको, कारण नुसती काळी काच असली तर डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उलट जास्त यूव्ही आत जातो.

जेवण

"सिन कार्ने" म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ करून गेलो आणि पहिल्या दुपारी समोर चिकन आलं. तिकडे कार्ने म्हटलं की बऱ्याचदा नुसतं लाल मांस समजतात. त्यामुळे "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" (मांस नको, चिकन नको, मासे नकोत) असं तिन्ही सांगायचं, बुकिंगला लिहून द्यायचं आणि निघायच्या सकाळी ड्रायव्हरला परत सांगायचं, कारण जेवण त्याच्याच गाडीत असतं. किन्वाचं सूप मात्र मस्त, तो त्याच भागात पिकतो. प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजवायच्या भानगडीत पडू नका, ४,३०० मीटरला पाणी ८५-८६ डिग्रीलाच उकळतं.

घरून भडंग, मेतकूट, दाण्याची चटणी नेणार हे गृहीत आहे. चिलीत शिरताना मात्र शेतीमाल-खाण्याच्या तपासणीचा फॉर्म असतो, त्यावर "हो, आहे" असं लिहा. लिहिलं की ते बघतात, चालणारं ठेवतात, न चालणारं टाकतात. नाही म्हणून लिहिलं आणि बॅगेत फळं, बिया, मध, दुधाचं काही सापडलं तर दंड. कोकाची पानं बोलिव्हियात उघड विकतात, चहा करून पितात, पण ती तिथंच संपवायची. चिलीत किंवा भारतात एक पानसुद्धा आणायचं नाही.

बारीकसारीक

पैसे बोलिव्हियानोत कॅश ठेवा, सान पेद्रोतच थोडे बदलून घ्या. तळ्यांच्या भागात एटीएम नाही, तिथल्या राष्ट्रीय अभयारण्याची फी परदेशी लोकांना बरीच वर्षं १५० बोलिव्हियानो आहे, शिवाय इंकावासीची वेगळी, टॉयलेटची वेगळी, गरम शॉवरची वेगळी. डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात, कोपरा फाटलेली कुणी घेत नाही.

थंडीत बॅटरी बसकण मारते. मोबाइल आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, मुक्कामाला लाइट संध्याकाळी थोडेच तास असते आणि प्लगसाठी सहा जणांत मारामारी.

ड्रायव्हर बघून घ्या. आमच्या पहिल्या ड्रायव्हरच्या तोंडाला सकाळीच वास येत होता, आम्ही हॉटेलच्या दारातच गाडीत बसायला नकार दिला, ज्यांच्याकडून बुक केलं त्यांनी तासभर कटकट केली पण दुसरा दिला. एवढ्या मोकळ्या मैदानात कोण कशाला धडकणार असं वाटतं, पण २००८ मध्ये याच मिठावर दोन जीप समोरासमोर धडकून १३ जण गेलेत. सीट बेल्ट सहाही जागांना आहे का बघा, टपावरच्या सामानाला ताडपत्री आहे का तेही बघा, नाहीतर बॅगेत धूळ.

फोटोचं एक. ते छोट्या वस्तूवर माणसं उभी असल्यासारखे गमतीचे फोटो काढतात ना, त्यासाठी आम्ही तुळशीबागेतून प्लॅस्टिकची रिक्षा नेली होती, सहा जण रिक्षातून उतरतोय असं काढायचं होतं. पहिले वीस फोटो वाया, रिक्षा स्पष्ट आणि आम्ही धुरकट. पोर्ट्रेट मोड बंद करा, रिक्षा हातभर लांब ठेवा, फोकस माणसांवर टॅप करा आणि मोबाइल उलटा धरून लेन्स अगदी मिठाला टेकवा म्हणजे रिक्षाची चाकं आणि माणसांचे पाय एका रेषेत येतात. भर दुपारी काढा, सावली लांब पडली की चोरी पकडली जाते.

आणि पिवळं कार्ड

हे शेवटी लिहितोय पण करायचं सगळ्यात आधी. बोलिव्हिया यलो फीव्हर (डासांमुळे होणारा ताप) असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथून येणाऱ्याकडे लस घेतल्याचं कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते, अपॉइंटमेंट लगेच मिळेल असं धरू नका, आणि कार्ड लस घेतल्याच्या १० दिवसांनंतर लागू होतं, म्हणजे जायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. वयस्कर माणसांनी, गरोदर बायकांनी आणि अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोला, मावशीचं आम्ही बोलून मगच घेतलं. व्हिसे दोन देशांचे दोन, नियम बदलत राहतात, एम्बसीच्या साइटवरच बघा, आणि चिलीत परत यायचं असेल तर मल्टिपल एंट्री आहे ना ते बघा.

मुंबईला पहाटे साडेतीनला उतरलो, आरोग्य तपासणीच्या टेबलावर पाच कार्डं दिली. सहावं मावशीचं. तिनं ते जपून ठेवलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या डब्यात, डबा चेक-इन बॅगेत.