पाकट आणि ऑक्टोपसची तुलना करताना या चुका टाळा

ठिपक्यांचं पाकट, म्हणजे स्पॉटेड ईगल रे हा पंखांसारख्या परांचा चपटा मासा, आणि कॉमन ऑक्टोपस. या जोडीच्या तुलनेचे तक्ते मी बरीच वर्षं तपासतेय. चुका त्याच त्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'लांबी' या एकाच रकान्यात दोघांना कोंबणं. एका प्रदर्शनाच्या फलकासाठी आम्ही पाकट तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत धरलं होतं. छपाईच्या आदल्या दिवशी जतन केलेल्या नमुन्याला टेप लावली, तर आकडा जवळजवळ निम्म्यावर! शेपटी मधेच तुटलेली, टोक बोथट होऊन भरून आलेलं. ही चाबकासारखी शेपटी धडाहून कितीतरी लांब असते आणि अनेकदा तुटलेलीच सापडते. म्हणून पाकट मोजायचं ते एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंत. ऑक्टोपसचे हात ताणाल तेवढे लांबतात, तुटले तर पुन्हा उगवतात. त्याचं माप डोळ्यांच्या मध्यापासून मँटलच्या, म्हणजे पाठीमागच्या पिशवीच्या, टोकापर्यंत. अख्खा फलक रातोरात बदलला. तेव्हापासून प्रत्येक आकड्याशेजारी मी 'कुठून कुठपर्यंत' लिहिते. नवख्यांना याचा कंटाळा येतो. मी मात्र त्याशिवाय तक्ता हातात घेत नाही.

दुसरी चूक शास्त्रीय नावाची. जुन्या पुस्तकांत जगभरचं ठिपक्यांचं पाकट एटोबेटस नारीनारी असायचं. 2010 पासून ते नाव अटलांटिकपुरतं राहिलं. हिंदी महासागरातलं आणि प्रशांत महासागराच्या पश्चिम भागातलं ते एटोबेटस ओसेलॅटस. कॉमन ऑक्टोपसचं शास्त्रीय नाव ऑक्टोपस व्हल्गारिस, पण पूर्व आशियातला 'व्हल्गारिस'ही आता ऑक्टोपस सायनेन्सिस आहे. समोर आलेलं पहिलं नाव उतरवून घेऊ नका, आधी समुद्र कोणता ते बघा.

ऑक्टोपस मासा नाही, मृदुकाय आहे.

'मेंदूचं वजन' हा रकाना काढून टाका. ऑक्टोपसच्या सुमारे 50 कोटी चेतापेशींपैकी दोन तृतीयांश हातांत असतात.

तीन हृदयं म्हणजे तिप्पट ताकद नव्हे. त्यातली दोन फक्त कल्ल्यांतून रक्त ढकलतात.

आणि 'आहार: दोघांचाही शिंपले, खेकडे' एवढ्यावर थांबू नका, खरी मजा तिथेच आहे. पाकट सपाट दातांच्या पट्ट्यांनी शिंपला भरडतं आणि कवचाचा चुरा थुंकून टाकतं. ऑक्टोपस चूषकांनी ओढून पाहतो. नाहीच उघडला, तर कवचाला भोक पाडून विष सोडतो. त्याच्या बिळाबाहेर पडलेला रिकामा शिंपला उचलून उजेडात धरा. कवच अखंड, आणि त्यात टाचणी जेमतेम जाईल एवढं एकच छिद्र.